बोर्डिंग पास जपा : बोंबील घेऊन सिअ‍ॅटलला जाऊन आल्याची गोष्ट

परदेशातल्या परिषदेसाठी प्रवास अनुदान मिळालं म्हटलं की घरच्यांना वाटतं, कोणीतरी तिकीट काढून हातात ठेवतं. मलाही तसंच वाटायचं. प्रत्यक्षात पैसे आधी आपण घालायचे असतात, मग कागद गोळा करायचे, आणि सगळे कागद जुळले की पैसे परत येतात. हे मला कोणी सुरुवातीला सांगितलं असतं तर आईच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या नसत्या. निदान थोड्या उशिरा गेल्या असत्या.

मी रत्नागिरीची. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून बी.एफ.एस्सी. केलं आणि पुढे मुंबईत पीएच.डी.ला लागले. विषय डोल जाळ्यात सापडणारे बोंबील. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडं ठेवून बांधलेलं पिशवीसारखं लांबलचक जाळं. त्याच्या शेवटच्या टोकाला, जिथे मासळी साठते, त्याला खोला म्हणतात. खोल्याची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बारीक असली की जवळा आणि मांदेलीबरोबर बोटभर बोंबीलही येतात, आणि ते किती येतात हे मोजण्यात माझी तीन वर्षं गेली. उधाणाच्या दिवसांत पहाटे बंदरावर, पट्टी आणि वही घेऊन. पट्टीवर आडवा ठेवलेला बोंबील सरळ राहत नाही. तो घसरतो, वाकतो, शेवटी एका हाताने शेपूट धरावी लागते आणि वही खारट पाण्याने भिजते ती भिजतेच.

२०२३च्या जानेवारीत माझ्या गाईड मॅडमनी विचारलं, “पुढच्या वर्षी मार्चमध्ये सिअ‍ॅटलला वर्ल्ड फिशरीज काँग्रेस आहे. जाणार का?” ही परिषद १९९२ला अथेन्समध्ये सुरू झाली, साधारण चार वर्षांनी भरते आणि सिअ‍ॅटलची नववी होती. मी म्हटलं, वर्षभर वेळ आहे, बघू. मॅडम म्हणाल्या, “बघू नको. आज संध्याकाळी व्हिसाची तारीख किती लांबची मिळते ते पाहा आणि मग मला सांग.”

पाहिलं. अमेरिकेच्या बी-वन बी-टू, म्हणजे थोड्या दिवसांच्या भेटीसाठीच्या, व्हिसाच्या मुलाखतीसाठी तेव्हा मुंबईत वर्षाच्या वर थांबावं लागत होतं. परिषदेला माझा गोषवारा पाठवायचाच होता, अनुदानाचा पत्ता नव्हता, आणि व्हिसाचे पैसे मात्र आधी भरायचे! तरी फेब्रुवारीत भरले. तेव्हा फी १६० डॉलर होती, म्हणजे तेरा हजारांच्या वर रुपये (जूनपासून ती १८५ झाली). तारीख मिळाली २०२४च्या मे महिन्यातली, म्हणजे परिषद उरकून दोन महिने झाल्यावरची. मॅडमनी सांगितलं, घाबरू नको, तारीख अलीकडे ओढता येते. फक्त दिवसातून वीसदा साइट उघडू नको, खातं काही काळ गोठतं. माझं दोनदा गोठलं. शेवटी सप्टेंबरमध्ये एका रात्री साडेअकराला १७ जानेवारीची तारीख दिसली आणि मी ती घेतली. हॉस्टेलच्या जिन्यात एवढ्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरून वॉर्डन बाई वर आल्या.

मधल्या काळात पैशांचा शोध चालू होता. पहिले दोन महिने मी चुकीच्या दारांवर टकटक करत होते. परदेशातल्या मत्स्यविज्ञान संस्थांची विद्यार्थ्यांसाठी बरीच बक्षिसं असतात, पण बहुतेक प्रवास पुरस्कार त्या-त्या संस्थेच्या स्वतःच्या अधिवेशनाला किंवा सदस्यांनाच बांधलेले असतात. अमेरिकन फिशरीज सोसायटीचा जॉन स्किनर यांच्या नावाचा पुरस्कार घ्या. तो त्यांच्या वार्षिक अधिवेशनाला येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे, दुसऱ्या कुठल्या परिषदेला जाण्यासाठी नाही. तेव्हा पुरस्काराचं नाव आणि रक्कम पाहून हुरळून जाण्याआधी कोणासाठी आणि कुठे जाण्यासाठी, या दोन ओळी वाचा. मी वाचल्या नव्हत्या, त्यामुळे एका अर्जाचं दीड पानी निवेदन लिहून झाल्यावर कळलं की मी त्यात बसतच नाही.

दुसऱ्या एका परदेशी संस्थेच्या अनुदानात बसत होते. अर्ज भरला, मुदतीच्या चार दिवस आधी पाठवलासुद्धा. तीन आठवड्यांनी उत्तर आलं : अर्ज अपूर्ण, शिफारसपत्र मिळालेलं नाही. मॅडमना पत्र अपलोड करण्याची लिंक त्या संस्थेकडून आपोआप गेली होती आणि ती त्यांच्या स्पॅममध्ये पडून होती. मी समजत होते त्यांनी पत्र पाठवलं, आणि त्या समजत होत्या लिंक अजून यायची आहे. दोघीही एकमेकींना आठवण करायला संकोचत होतो. तेव्हापासून शिफारस लागणारा कुठलाही अर्ज केला की मी त्याच दिवशी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन, त्यांच्या शेजारी उभी राहून, स्पॅम उघडायला लावते. उद्धटपणा वाटेल, वाटू दे.

पावसाळ्याच्या शेवटी गोषवारा पाठवला आणि दिवाळीच्या सुमारास तो तोंडी सादरीकरणासाठी स्वीकारल्याचा मेल आला. या मेलमध्ये माझं नाव आणि आडनाव एवढंच होतं. पासपोर्टवर मात्र आपल्या पद्धतीप्रमाणे नाव, वडलांचं नाव, आडनाव असं सगळं आहे. आयोजकांना लिहून पत्र पासपोर्टप्रमाणे करून मागितलं, दोन दिवसांत आलं. बँकेचं खातं, पासपोर्ट, स्वीकृतिपत्र आणि पुढे नोंदणीची पावती, या चारही ठिकाणी नाव अक्षरशः सारखं हवं. वडलांचं नाव एकीकडे आहे आणि एकीकडे नाही, एवढ्यावर फाइल परत आलेले दोन सीनियर मला माहीत आहेत.

आता खरा अर्ज. विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ, म्हणजे सर्ब, याची आंतरराष्ट्रीय प्रवास साहाय्याची योजना होती. संशोधक विद्यार्थ्यांमध्ये तिला नुसतं ‘आयटीएस’ म्हणतात. तिच्यात जवळच्या मार्गाचं इकॉनॉमी विमानभाडं, विमानतळ कर आणि व्हिसा फी मिळायची, आणि पस्तिशीच्या आतल्यांना नोंदणी शुल्कही. राहणं, जेवण, शहरातला प्रवास, विमा यांतलं काही नाही. जैवतंत्रज्ञान विभागाच्या आणि सीएसआयआरच्या प्रवास योजनाही मी पाहिल्या होत्या, पण एका वेळी एकच अर्ज नीट करायचं ठरवलं.

अर्ज ऑनलाइन असतो आणि भरायला अवघड नाही. अडतं ते आपल्या संस्थेच्या पत्रावर. माझ्या संस्थेचं शिफारसपत्र मिळायला १९ दिवस लागले. आधी दिवाळीची सुट्टी, मग ज्यांच्या टेबलावर फाइल होती ते रजेवर, मग पत्राचा मसुदा जुन्या नमुन्यात असल्याने परत. चौथ्या फेरीला आस्थापनेतल्या काकांनी सांगितलं, “बाळा, मसुदा तूच टाइप करून आण, पेनड्राइव्हवर. आम्ही फक्त लेटरहेडवर घेतो.” हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर! पण तुम्हाला मी सांगते : मसुदा स्वतः घेऊन जा, दोन प्रती आणि सॉफ्ट कॉपी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज गेला.

मग नुसती वाट पाहणं. पोर्टलवर अर्जाची स्थिती रोज सकाळी चहाबरोबर पाहायची सवय लागली. डिसेंबर गेला. नोंदणी सवलतीच्या दरात करायची तर थांबता येत नव्हतं, म्हणून शिष्यवृत्तीतून साठवलेल्या पैशांतून विद्यार्थी दराने नोंदणी केली. त्यानंतरच व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र मिळालं.

१६ जानेवारीला बोटांचे ठसे, १७ला वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत. मोबाइल आत नेऊ देत नाहीत. मी तो मैत्रिणीकडे देऊन तिला बाहेर दोन तास उन्हात उभं केलं, त्याचं अजून ऐकते. हातात जाड फाइल होती : निमंत्रणपत्र, संस्थेचं पत्र, बाबांचं बँक स्टेटमेंट, अनुदानाच्या अर्जाची प्रत. खिडकीपलीकडच्या अधिकारी बाईंनी तीन प्रश्न विचारले. कशासाठी जाताय, खर्च कोण करणार, परत येऊन काय करणार. खर्चाच्या प्रश्नावर मी अडखळले, कारण खरं उत्तर “अजून माहीत नाही” असं होतं. मी तेच जरा नीट शब्दांत सांगितलं : अनुदानासाठी अर्ज केलाय, निर्णय व्हायचाय, नाही मिळालं तर वडील देतील. फाइल त्यांनी उघडूनही पाहिली नाही. “जाळ्यातले लहान मासे मोजून काय कळतं?” एवढं विचारलं आणि मी दोन वाक्यं बोलते न बोलते तोच व्हिसा मंजूर म्हणाल्या. घरी फोन केला तर आई म्हणाली, “आणि पैसे?”

पैशांचं जानेवारीच्या शेवटी कळलं. अनुदान मंजूर. मंजुरीपत्र तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा लक्षात आलं की प्रवास करून आल्यावर मूळ कागदपत्रांसह दावा सादर करायचा आहे. म्हणजे आत्ता हातात शून्य. संस्थेकडे आगाऊ रकमेसाठी विचारलं. विद्यार्थ्यांना तशी सोय नाही असं उत्तर मिळालं. (तुमच्याकडे असेल तर जरूर विचारा, काही ठिकाणी मिळते.) नेमक्या त्याच दिवसांत, ५ फेब्रुवारी २०२४ पासून, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा लागू झाला आणि सर्ब त्यात विलीन झालं. आपलं पत्र जुन्या नावाचं, आता दावा कोणाच्या नावाने करायचा, या काळजीने मी एक रात्र जागून काढली. त्याची काही गरज नव्हती. विलीन झाल्याने मंजूर झालेली कामं बुडत नाहीत.

तिकिटाबाबत एक नियम माहीत हवाच. सरकारी पैशाने विमानप्रवास करायचा तर २०२२ पासून तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तिघांपैकी कोणाकडून तरी घ्यावं लागतं. मला एका खासगी वेबसाइटवर तेच विमान सहा हजारांनी स्वस्त दिसत होतं. बोट बटणावर होतं. पण लॅबमधल्या सीनियर दादाने असंच स्वस्तातलं तिकीट काढलं होतं आणि त्याला एक छदामही परत मिळाला नव्हता, हे आठवलं आणि बोट काढून घेतलं. मुंबई-दुबई-सिअ‍ॅटल, जाऊन-येऊन १ लाख २२ हजार रुपये.

हे आणायचे कुठून? बाबांनी मुदतठेव मोडायची तयारी दाखवली. आईने त्याआधीच पाटल्या काढून ठेवल्या होत्या. १३ फेब्रुवारीला गावच्या पतसंस्थेतून दीड लाखाचं सोनेतारण कर्ज घेतलं, ११ टक्क्यांनी. तिथल्या मॅनेजरनी कारण विचारलं. आई म्हणाली, “पोरगी बोंबलांसाठी अमेरिकेला चाललीय.” ते हसले नाहीत. फॉर्मवर ‘शैक्षणिक’ असं लिहिलं आणि सही कुठे करायची ते दाखवलं.

राहण्याचे पैसे कुठलीच योजना देत नव्हती. डाउनटाउनमधल्या हॉटेलांचे दर पाहून मी ते पान बंद केलं होतं. मग आपल्याकडे जसं होतं तसं झालं. माझ्या आतेबहिणीची नणंद बेल्व्ह्यूला राहते. तिला मी आयुष्यात कधी भेटले नव्हते. फोनवर पहिलंच वाक्य, “अगं, विचारतेस काय, येताना फक्त कोकम आण.” बेल्व्ह्यू तलावाच्या पलीकडे आहे. ५५० नंबरची बस वॉशिंग्टन तलावावरच्या पुलावरून थेट सिअ‍ॅटलच्या मध्यात सोडायची, तेव्हा एका वेळचे सव्वातीन डॉलर. हॉटेल घेतलं असतं तर आईच्या बांगड्याही गेल्या असत्या.

१ मार्चला निघाले. परिषद ३ ते ७ मार्च. मधल्या शनिवारी झोप येईना म्हणून बॅलर्ड भागातल्या, बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणाऱ्या जलपाशांजवळची माशांची शिडी पाहायला गेले. समुद्रातून गोड्या पाण्याकडे परतणाऱ्या सॅमनना पायरी-पायरीने वर चढता यावं म्हणून तिथे एकवीस टप्प्यांची वाट केली आहे आणि काचेतून ते मासे दिसतात. मला दिसलं हिरवं पाणी. सॅमन उन्हाळ्यात येतात, मार्चमध्ये येऊन मासे का नाहीत म्हणणारी मत्स्यविज्ञानाची विद्यार्थिनी एकटी मीच असेन.

परिषद प्रचंड होती. एकाच वेळी इतक्या खोल्यांत भाषणं चालू असायची की पहिला दिवस मी नुसती जिने चढ-उतार करत होते. माझी वेळ तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर, म्हणजे सगळे पेंगतात तेव्हा. समोर तीसेक माणसं. माझ्या बोलण्यात महाराष्ट्राने आधीच्या नोव्हेंबरमध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिल्याचा उल्लेख होता, आणि डोलीच्या खोल्यात ती लांबी पाळणं कुठे अडतं हे आकड्यांसह दाखवलं होतं. संपल्यावर पांढऱ्या केसांच्या एका बाईंनी विचारलं, “आस मोठी केली की लहान बोंबलांबरोबर जवळाही निसटेल. त्या दिवसाचं नुकसान कोण भरून देणार?” हाच प्रश्न मला बंदरावर एका काकांनी विचारला होता, शिवी घालून. मी तसंच सांगितलं, शिवी वगळून. खोलीत हशा पिकला आणि नंतर त्या बाई चहाच्या रांगेत माझ्याशी अर्धा तास बोलल्या. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या अर्ध्या तासामुळे बदललं.

सहभागाचं प्रमाणपत्र निघण्याआधीच मागून घ्या. मी नोंदणी कक्षावर जाऊन छापील, सहीचं घेतलं. नंतर मेलवर मागत बसण्यात आठवडे जातात.

परत आल्यावर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दाव्याची फाइल लावायला बसले. तिकिटाचं बिल, नोंदणीची पावती, व्हिसा फीची पावती, प्रमाणपत्र, बँकेचा तपशील, आणि चार बोर्डिंग पास. मोजले तर तीन. दुबई-सिअ‍ॅटलचा नव्हता. पिशव्या उलट्या केल्या, जॅकेटचे खिसे, पासपोर्टचं कव्हर, पुस्तकं. रात्री दोन वाजता आठवलं. बेल्व्ह्यूला नणंदबाईंचा पाच वर्षांचा मुलगा विमानतळ-विमानतळ खेळत होता आणि त्याला ‘खरं तिकीट’ हवं होतं. मी मोठ्या मनाने माझा पास देऊन टाकला होता.

मेसेज केला. दोन दिवसांनी फोटो आला : पास सुखरूप आहे, खेळण्यांच्या डब्यात. पण मला मूळ कागद हवा होता. विमान कंपनीकडून प्रवास केल्याचा दाखला मागवता येतो असं नंतर कळलं, आणि तुमचा पास हरवला तर तेच करा. मला तेव्हा माहीत नव्हतं. नणंदबाईंच्या ओळखीतलं एक कुटुंब मे महिन्यात लग्नासाठी पुण्याला येणार होतं. त्यांच्या सामानातून पास पुण्याला आला, तिथून माझा मावसभाऊ तो शिवनेरीने दादरला घेऊन आला. पाकिटातून काढला आणि पोटात गोळाच आला. मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या आणि केशरी खडूने मासा काढला होता. चांगला मोठा, दात असलेला.

तोपर्यंत दुसरी गंमत झाली होती. नोंदणीच्या वेळी कक्षावर मिळालेली एक पावती थर्मल कागदावरची होती. मुंबईच्या दमट हवेत ती जवळजवळ कोरी झाली. नशिबाने तिचा फोटो काढला होता आणि मेलवरची पावती वेगळी होती. असे कागद हातात पडतील त्या दिवशी झेरॉक्स काढा, आणि प्लास्टिकच्या पारदर्शक फोल्डरमध्ये घट्ट कोंबू नका, अक्षरं प्लास्टिकला चिकटतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात फाइल घेऊन आस्थापनेत गेले. तेच काका. एकेक कागद उलटून पाहत होते, प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा टाकत होते. चौथा पास उलटला आणि थांबले. चष्मा वर करून माशाकडे पाहिलं.

“हे काय?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी पास पुन्हा सुलटा केला, नाव आणि तारीख तिकिटाशी ताडून पाहिली, पेन्सिलीने ११ लिहिलं आणि पुढचा कागद घेतला. फाइल पुढे गेली.

२ ऑगस्टला विमानभाडं, व्हिसा फी आणि नोंदणी शुल्क असे सगळे पैसे खात्यात जमा झाले. त्याच दिवशी कर्ज फेडायला बाबांकडे पैसे पाठवले. १७१ दिवसांचं व्याज ७,७३० रुपये झालं होतं. विमा दीड हजार, बस, जेवण आणि किरकोळ मिळून आणखी सोळा हजार. हे माझे. आईने पाटल्या सोडवून आणल्या आणि फोनवर म्हणाली, एक जरा सैल झाल्यासारखी वाटतेय. तशी ती आधीपासूनच सैल होती.